अवतार हलवायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? मोफत आणि विकतचं, नव्यांसाठी क्रमाने

आभासी जगात (म्हणजे स्वतःचं डिजिटल पात्र, अर्थात अवतार, घेऊन फिरता येतं अशा ऑनलाइन जगात) नवीन आलेला माणूस सुरुवातीला कपडे, केस आणि घरं बघत फिरतो. मग कधीतरी लक्षात येतं, की समोरचा अवतार उठून दिसतोय तो त्याच्या उभं राहण्यामुळे. आपला मात्र बसस्टॉपवर ताटकळल्यासारखा उभा आहे. तिथून अ‍ॅनिमेशनचा नाद लागतो आणि लगेच पहिला प्रश्न पडतो: यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का?

सुरुवातीला तरी नाही. हालचाल बनवण्याच्या कामात मोफत सॉफ्टवेअर कुठेही कमी पडत नाही. पैसे मोजावे लागतात ते बनलेली हालचाल त्या जगात सहीसलामत पोचवण्यासाठी, म्हणजे योग्य सांगाडा (अवतार ज्या हाडांवर हलतो तो), योग्य फाइल आणि मधली डोकेफोड वाचवण्यासाठी. त्यामुळे खाली क्रम मुद्दाम उलट्या टोकाने लावला आहे. आधी फाइल कुठे जाणार ते बघू, मग ती कशात बनवायची ते. उदाहरणं जास्त करून सेकंड लाइफ या आभासी जगाची आहेत, कारण हालचाली बनवून विकण्याची परंपरा तिथे जुनी आहे आणि तिथले खड्डेही मला जास्त माहीत आहेत.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- ब्लेंडर (मोफत थ्रीडी सॉफ्टवेअर) बरा चालेल असा कॉम्प्युटर आणि मधलं बटण असलेला माउस (टचपॅडवर हे काम करू नका, मनगट आणि संयम दोन्ही जातील)
- ज्या जगासाठी बनवताय तिथलं खातं, आणि अपलोडला लागणारी थोडी तिथली शिल्लक
- त्या जगाच्या अवताराचा अधिकृत सांगाडा, म्हणजे रिगची फाइल
- साधं नोटपॅड (कशासाठी ते तिसऱ्या पायरीत कळेल)
- फोनवर स्वतःचा काढलेला व्हिडिओ, समोरून एक आणि बाजूने एक (बघून पोझ बसवायला)

१. फाइल कुठे जाणार ते आधी ठरवा

प्रत्येक जगाचा दरवाजा वेगळा आहे.

सेकंड लाइफ दोन प्रकारच्या फाइल घेतं: बीव्हीएच (हालचाल साठवण्याचा एक फाइलप्रकार) आणि त्यांचं स्वतःचं डॉट अ‍ॅनिम. एक हालचाल जास्तीत जास्त ६० सेकंदांची. ओपनसिम्युलेटर (आभासी जग चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) याच घराण्यातलं असल्यामुळे तिथेही याच फाइल चालतात.

व्हीआरचॅट या जगात सगळं युनिटीतून, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधून, जातं. ब्लेंडरमध्ये बनवलं तरी शेवटी एफबीएक्स प्रकारची फाइल करून युनिटीत आणायचं आणि व्हीआरचॅटच्या एसडीकेमधून (त्यांनी दिलेल्या साधनसंचातून) अवताराबरोबर अपलोड करायचं. अगदी नव्या खात्याला अपलोड करताच येत नाही. थोडं फिरून, लोकांत मिसळून ‘न्यू यूझर’ ही श्रेणी मिळवावी लागते. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी हे तपासा.

रोब्लॉक्स या खेळांच्या मंचाच्या स्टुडिओत (खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अ‍ॅनिमेशन एडिटर आतच आहे, मोफत. तिथला सापळा मालकीचा आहे: हालचाल ज्याच्या नावावर अपलोड झाली, त्याच्याच मालकीच्या खेळात ती चालते. खेळ ग्रुपच्या नावावर असेल तर अपलोडही ग्रुपच्याच नावावर करा. नाहीतर तुमच्या स्टुडिओत सगळं छान हलतं आणि प्रकाशित खेळात पात्र काठीसारखं उभं राहतं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. डॉट अ‍ॅनिम हे शेपूट सेकंड लाइफच्या फाइलला असतं, युनिटीच्या फाइलला असतं आणि माया या विकतच्या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या फाइललाही. तिन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. ‘आमचं टूल अ‍ॅनिम फाइल काढून देतं’ अशी जाहिरात वाचून पाकीट उघडण्याआधी कुठली अ‍ॅनिम, हे विचारा.

२. मोफत साधनं: कोण कशाच्या उपयोगाचं

ब्लेंडर. शेवटी इथेच यायचं आहे, मग उशीर कशाला? जीपीएल या मुक्त लायसन्सवर आहे, म्हणजे धंद्यासाठी वापरलं तरी कुणाला काही द्यावं लागत नाही, आणि तुम्ही बनवलेलं काम तुमचंच राहतं. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या २.८० आवृत्तीत सगळा दर्शनी भाग बदलला. त्याआधीचे शिकवणीचे व्हिडिओ बघू नका. अर्धी बटणं सापडणार नाहीत आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असं उगाच वाटेल. एलटीएस म्हटली जाणारी आवृत्ती घ्या, तिला दोन वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात.

ब्लेंडरचं सगळं शिकायचं नाही, ही गोष्ट मी नव्या लोकांना वारंवार सांगतो. मॉडेलिंग, प्रकाश, मटेरियल, नोड्स, सगळं बाजूला. तुम्हाला हवेत पोझ मोड (हाडं वळवायला), आणि टाइमलाइन, डोप शीट, ग्राफ एडिटर (हालचालीची वेळ आणि वेग बसवायला). एवढ्यात पहिले कितीतरी आठवडे निघतात.

क्यूअ‍ॅव्हिमेटर. छोटं, जुनं, सेकंड लाइफच्या अवतारासाठीच बनलेलं. उघडलं की अवतार समोर उभा, हात धरा, फिरवा, बीव्हीएच सेव्ह करा. कीफ्रेम (ठरावीक क्षणाला नोंदवलेली पोझ) म्हणजे काय हे एका संध्याकाळी कळायला याच्याइतकं सोपं दुसरं काही मला माहीत नाही. पण मूळ प्रोग्रॅम बेंटोच्या (सेकंड लाइफच्या वाढीव सांगाड्याच्या) आधीचा आहे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सेकंड लाइफच्या सांगाड्यात बोटं, चेहरा, शेपूट, पंख यांची हाडं आली, ती यात नाहीत. पायऱ्या चढायला शिका आणि पुढे निघा.

मिक्सामो. अडोबीचं मोफत खातं काढलं की तयार हालचालींचा मोठा साठा मिळतो. सांगाडा मात्र त्यांचा, त्यामुळे तुमच्या अवतारावर आणताना ‘रीटार्गेट’ करावं लागतं, म्हणजे हालचाल एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर बसवावी लागते. ब्लेंडरसाठी रोकोकोचं मोफत अ‍ॅड-ऑन हे काम करतं. खांदे आणि मनगटं नंतर हाताने सरळ करावी लागतात.

कॅस्केडर. उडी, कोलांटी, मारामारी अशा तोल सांभाळायच्या हालचालींसाठी भन्नाट, कारण वजन आणि झोक तो स्वतः हिशोबात घेतो. मोफत आवृत्ती आणि पैशांची आवृत्ती यांच्यातल्या अटी बदलत राहतात. मोफत आवृत्तीतून नेमकी कुठली फाइल बाहेर काढता येते, ते त्यांच्या पानावर आधी वाचा. बनवता येतं पण बाहेर नेता येत नाही, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट नाही.

डॅझ स्टुडिओही मोफत आहे, पण कमाई पात्रं आणि कपडे विकून करतो. नुसत्या हालचालींसाठी त्या वाटेला जाण्यात मला काही फायदा दिसत नाही.

३. एकच बैठी पोझ शेवटपर्यंत नेऊन बघा

नाच, चाल, मिठी, सगळं नंतर. आधी अवताराला एका खुर्चीवर बसवा. ब्लेंडर उघडण्यापासून पोझ अवतारावर दिसेपर्यंतचा सगळा रस्ता एकदा चालून झाला, की पुढे काय विकत घ्यायचं ते आपोआप कळतं.

सेकंड लाइफच्या विकीवर बेंटो सांगाड्याच्या फाइल मोफत मिळतात. ती ब्लेंडरमध्ये उघडा. हाडांची नावं बदलू नका, एकही नाही, कारण अपलोड करताना नावावरूनच हाड ओळखलं जातं.

आता सगळ्यात मोठा सापळा. पहिली फ्रेम (हालचालीतलं पहिलं चित्र) दिसण्यासाठी नसते. बीव्हीएच अपलोड होताना पहिली फ्रेम तुलनेसाठी घेतली जाते. पहिल्या फ्रेममध्ये हाड जिथे आहे तिथेच ते शेवटपर्यंत राहिलं, तर ‘हे हाड हलत नाही’ असं समजून ते सोडून दिलं जातं. तुम्ही पहिल्याच फ्रेमला अवतार बसवलात आणि पुढेही तसाच ठेवलात, तर अपलोडनंतर तो बसलेला दिसणारच नाही, तुम्ही काही केलंच नाही असा उभा राहील. म्हणून पहिल्या फ्रेमला हात पसरलेली टी-पोझ ठेवा आणि बैठक दुसऱ्या फ्रेमपासून सुरू करा. उलट, एखादं हाड मुद्दाम मोकळं सोडायचं असेल (म्हणजे बसल्या बसल्या मान माउसच्या दिशेने वळायला हवी असेल), तर त्याला पहिल्या फ्रेमपेक्षा वेगळं काही करू नका.

बीव्हीएच निर्यात करताना ‘रूट ट्रान्सलेशन ओन्ली’ ही खूण चालू ठेवा, म्हणजे जागा फक्त कमरेची बदलेल आणि बाकी हाडं फक्त वळतील. मग फाइल नोटपॅडमध्ये उघडा. हो, बीव्हीएच ही साधी मजकुराची फाइल असते. वरच्या भागात हाडांची यादी, एकात एक गुंतलेली. खाली ‘मोशन’ हा शब्द, मग फ्रेमची संख्या, मग ‘फ्रेम टाइम’. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर तिथे ०.०३३३३३ दिसतं. त्याखाली प्रत्येक फ्रेमची एक लांबलचक ओळ. त्या ओळीतले पहिले तीन आकडे म्हणजे कमरेची जागा. अवतार उभा असताना त्यातला उंचीचा आकडा चाळीसच्या घरात असायला हवा, कारण सेकंड लाइफ बीव्हीएचमधलं अंतर इंचात मोजतं. तिथे १ च्या आसपास काही दिसलं तर तुमची फाइल मीटरमध्ये गेली आहे. निर्यातीच्या वेळी स्केल ३९.३७ करा. आणि उंचीचा आकडा दुसऱ्याच्या जागी तिसरा दिसत असेल, तर दिशा उलटल्या आहेत: ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड असते, बीव्हीएचच्या या प्रकारात वाय. अपलोडच्या खिडकीत अवतार आडवा पडलेला दिसला तर कारण बहुधा हेच.

‘कंबर खाली जाते’, ‘अवतार जमिनीत रुततो’, ‘हवेत तरंगतो’ अशा बहुतेक तक्रारी नोटपॅडमधल्या या तीन आकड्यांवर येऊन थांबतात. त्यासाठी नवीन सॉफ्टवेअर घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

४. मग चाल: लूपची जुळवाजुळव

चालण्याची हालचाल जागच्या जागीच बनवायची. पुढे नेण्याचं काम ते जग करतं, तुम्ही फक्त पाय हलवायचे. सेकंड लाइफमध्ये अवतार सेकंदाला साधारण ३.२ मीटर जातो, ही घाईची चाल झाली. तुम्ही डौलदार, संथ चाल बनवलीत तर पाय घसरल्यासारखे दिसणार, अवतार बर्फावर उभा असल्यासारखा. दोन पावलांचं अंतर आणि फ्रेमची संख्या या वेगाशी जुळवा.

लूपमध्ये (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या हालचालीत) शेवटची फ्रेम टी-पोझनंतरच्या पहिल्या फ्रेमसारखीच ठेवतात ते ठीक, पण दोन्ही दाखवल्या तर तीच पोझ दोनदा येते आणि दर फेरीला बारीक उचकी लागते. अपलोडच्या खिडकीत लूप कुठून कुठपर्यंत, ते टक्क्यांत भरता येतं. तिथे शेवट एक फ्रेम अलीकडे ओढा.

जोडीच्या नाचात दोन्ही फाइलची लांबी फ्रेमगणिक सारखी हवी. एक फ्रेमही कमी-जास्त असेल तर काही फेऱ्यांनी हात हातातून सुटतात.

चेहऱ्याची किंवा बोटांची हाडं जागेवरून सरकवू नका, फक्त वळवा. तुमच्या अवतारावर सरकवलेलं छान दिसतं, पण दुसऱ्याच्या चेहऱ्याचा आकार त्याने स्वतः बेतलेला असतो. तुमची जागा त्यावर चढली की ओठ कुठे आणि नाक कुठे. गिऱ्हाईक पैसे परत मागतं ते अशाच वेळी.

५. अपलोड आणि चाचणी, जमेल तितकी फुकट

सेकंड लाइफमध्ये एरवी प्रत्येक अ‍ॅनिमेशन अपलोडला १० लिंडेन डॉलर (तिथलं चलन) जातात. रक्कम किरकोळ, पण नव्या माणसाच्या हातून एकाच हालचालीच्या कितीतरी आवृत्त्या चढतात. खर्च टाळायचे तीन रस्ते आहेत. अपलोडच्या खिडकीत आधी हालचाल चालवून बघता येते, त्याला पैसे पडत नाहीत. दुसरा, अदिती ही सेकंड लाइफची चाचणीची ग्रिड (नेहमीच्या जगापेक्षा वेगळं जग): तुमच्या नेहमीच्या खात्यानेच आत जाता येतं आणि तिथले पैसे खोटे असतात. तिसरा मला सगळ्यात आवडतो. ओपनसिम्युलेटर स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवा. मोफत आहे, इंटरनेट बंद असलं तरी चालतं, आणि हवं तितकं अपलोड करा, विचारणारं कोणी नाही.

अपलोड करताना प्रायॉरिटी विचारतात. एकाच हाडावर दोन हालचाली आल्या तर जिचा आकडा मोठा ती जिंकते. सरसकट सगळ्याला ४ देण्याची सवय वाईट. उभं राहण्याची पोझ ४ वर ठेवलीत, तर त्या बिचाऱ्याला हातात कप धरता येणार नाही. उभं राहणं आणि चालणं खालच्या आकड्यावर, हातात काही धरणं वरच्या आकड्यावर, असं साधारण ठेवा. चाचणी नेहमी दोन वेगळ्या अंगकाठीच्या अवतारांवर करा, एक उंच आणि एक बुटका. मांडीवर ठेवलेला हात एकाच्या मांडीत घुसतो आणि दुसऱ्याच्या मांडीपासून वीतभर वर राहतो. दोघांनाही शंभर टक्के बसेल असं काही होत नाही, मधलं माप शोधायचं.

६. आता पैसे: कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही

वरच्या पायऱ्या मोफत साधनांनी पार झाल्या असतील, तर कुठल्या जागी वेळ जातोय हे तुम्हाला आता सांगता येईल. त्याच जागेसाठी पैसे द्या.

निर्यातीत वेळ जात असेल, तर ब्लेंडर सोडू नका, त्यावर अ‍ॅव्हास्टार किंवा बेंटो बडीसारखं विकतचं अ‍ॅड-ऑन घ्या. माझ्या मते सेकंड लाइफवाल्यांचा पहिला खर्च हाच असावा. तयार रिग मिळतो, दिशा-स्केलच्या भानगडी संपतात, आणि मुख्य म्हणजे डॉट अ‍ॅनिम फाइल थेट निघते. तिचं महत्त्व श्वासोच्छ्वासासारख्या बारीक हालचालीत कळतं. बीव्हीएच चढवताना फाइल लहान करण्यासाठी फार सूक्ष्म बदल गाळले जातात. ब्लेंडरमध्ये छाती हळुवार वरखाली होत असते, आणि अपलोडनंतर अवतार दगड. डॉट अ‍ॅनिममध्ये तुम्ही दिलेल्या कीफ्रेम तशाच राहतात. शिवाय खिडकीत न मिळणाऱ्या ४ च्या वरच्या प्रायॉरिटीही त्यातच देता येतात.

घेण्याआधी ते अ‍ॅड-ऑन ब्लेंडरच्या कुठल्या आवृत्तीवर चालतं ते बघा. ब्लेंडर नवीन झालं की अ‍ॅड-ऑन मागे राहतं, हे ठरलेलं. ब्लेंडरची झिप फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये सोडून दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात. कामाची एक, खेळायची एक. कामाच्या आवृत्तीला हात लावू नका.

रीटार्गेटमध्ये वेळ जात असेल तर ऑटो-रिग प्रो हे ब्लेंडरचं विकतचं जोडसाधन बघा. व्हीआरचॅटसाठी युनिटीच्या आतच काम करायचं असेल तर यूमोशन: त्याची मोफत आवृत्ती आधी वापरा, अडलं तरच प्रो.

माया आणि मोशनबिल्डर (ऑटोडेस्क कंपनीची व्यावसायिक सॉफ्टवेअर)? नोकरीत मायावर हात बसला असेल तर जरूर वापरा. केवळ ‘मोठे लोक वापरतात’ म्हणून घेऊ नका. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणं बंद केलं, तेव्हापासून हे भाड्याचं घर आहे. भाडं थांबलं की जुन्या फाइलही उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक कामाची एफबीएक्स किंवा बीव्हीएच प्रत बाजूला काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. विद्यार्थ्यांना मिळणारं मोफत लायसन्स शिकण्यापुरतं आहे. त्यात बनवलेली हालचाल विकणं अटींच्या बाहेर आहे, मग ती एका चहाच्या पैशात का असेना.

पोझर (पात्रांना पोझ द्यायचा जुना प्रोग्रॅम) एकदाच पैसे देऊन मिळतो. बीव्हीएचमधली ‘हिप’, ‘अ‍ॅब्डोमेन’ ही हाडांची नावं मुळात पोझरच्याच घरातली, त्यामुळे जुन्या लोकांचा त्यावर जीव आहे. आज नव्याने सुरू करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

आयक्लोन (विकतचं अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर) किंवा मोकॅपचा सूट (अंगावर घालून माणसाची हालचाल टिपायचा पोशाख) तेव्हाच, जेव्हा आठवड्याला नवीन नाच बाजारात आणायचे असतील. आणि मोकॅपने काम संपत नाही, ते तिथून सुरू होतं: थरथरणारे पाय, घसरणाऱ्या टाचा, उलटे वळलेले कोपर साफ करणं हेच खरं श्रमाचं. ते कौशल्य सूटबरोबर खोक्यात येत नाही.

७. दुसऱ्याच्या हालचाली वापरताना लायसन्स वाचा

‘फुकट ते पौष्टिक’ हे इथे लागू नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं, हालचालीचं वेगळं.

कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोकॅप साठा मोफत आहे आणि विकायच्या उत्पादनात वापरायलाही परवानगी आहे. पण तोच डेटा थेट विकायला मनाई आहे, रूपांतर करून दिला तरी. आता विचार करा: त्यातला एक नाच उचलून, बीव्हीएच करून, ‘फुल परमिशन’ (घेणाऱ्याला बदलायची आणि पुढे द्यायची मुभा) म्हणून दुकानात ठेवला तर तुम्ही नेमकं काय विकताय? मिक्सामोचंही तसंच. खेळात, चित्रफितीत, प्रकल्पात बिनधास्त वापरा, पण नुसती हालचालीची फाइल म्हणून पुढे देऊ नका. एमएमडी (मिकुमिकुडान्स) या मोफत सॉफ्टवेअरमधल्या नाचांना तर प्रत्येक बनवणाऱ्याची स्वतःची अट असते, ती बहुतेकदा फाइलसोबतच्या वाचा-आधी प्रकारच्या मजकुरात लिहिलेली सापडते. काही दुकानांत हालचाली फक्त स्वतःच्या व्हिडिओत वापरायच्या अटीवर विकतात, आणि बाहेर नेण्याचं लायसन्स वेगळ्या किमतीत. खरेदीच्या बटणाशेजारची ती छोटी निवड नीट बघा.

विकायचंच असेल तर स्वतः कीफ्रेम करून बनवलेली हालचाल सगळ्यात सुरक्षित. उसनं काही घेतलंच, तर ज्या दिवशी उतरवलं त्या दिवशीचं लायसन्सचं पान पीडीएफ करून, पावती असल्यास तिच्यासह, त्या हालचालीच्या मूळ ब्लेंड फाइलच्याच फोल्डरमध्ये टाका. अटी बदलतात, पानं गायब होतात, आणि उत्पादनावर तक्रार आली की पुरावा तुमच्याकडेच मागतात.